जावक सुधारली की आवक आटोक्यात येते: ईमेलचे शिष्टाचार आणि तुंबलेला इनबॉक्स

सरकारी कचेरीत बारनिशीचं टेबल असतं. टपाल आलं की त्यावर शिक्का, आवक क्रमांक, तारीख, आणि मग ते ज्या संकलनाचं असेल त्या टेबलावर रवाना. महिन्याभरानं कुणी विचारलं, तरी कागद कुठे अडकलाय ते वही उघडून सांगता येतं. कामाला उशीर होतो, पण कागद हरवत नाही. ईमेल आला आणि बारनिशीचा कारकून मधून गेला. आता प्रत्येक कागद थेट आपल्या टेबलावर पडतो, शिक्का नाही, क्रमांक नाही, आणि वरून साडी सेंटरच्या सेलचं पत्रकही त्याच गठ्ठ्यात.

इनबॉक्स तुंबला की लोक तो साफ करायला बसतात. आमच्या मते सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. येणाऱ्या मेलपैकी बराच भाग आपल्याच जाणाऱ्या मेलनं ओढून आणलेला असतो. मोघम मेल गेला की 'नक्की काय हवंय?' येतो, फाइल विसरली की 'जोडलेलं दिसत नाही' येतो, वीस जणांना प्रत टाकली की त्यातले चार जण 'नोटेड सर' म्हणतात. म्हणून आधी जावक बघू, मग आवक. खाली बटणांची नावं जीमेलची दिली आहेत, कारण वाळूजच्या वर्कशॉपपासून किनवटच्या शाळेपर्यंत तेच जास्त वापरात आहे. आउटलुकमध्ये नावं थोडी बदलतात, तत्त्व तेच.

विषयाची ओळ

फोनवर विषयाचे पहिले पाच-सहा शब्दच दिसतात. तेवढ्यात वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: कशाबद्दल, त्यानं काय करायचं, कधीपर्यंत. 'माहिती सादर करणेबाबत' हा विषय सरकारी पत्रात शोभतो, कारण तिथे खाली संदर्भ क्रमांक असतो. इनबॉक्समध्ये असे चाळीस 'सादर करणेबाबत' एकाखाली एक उभे राहिले की उघडल्याशिवाय एकाचाही पत्ता लागत नाही.

'बिलासंबंधी' असं न लिहिता 'बिल क्र. 118: दुरुस्त प्रत हवी, 20 तारखेपर्यंत' असं लिहावं. 'डाळ' असं न लिहिता 'तूर डाळ 10 टन: ट्रक क्रमांक व निघण्याची वेळ कळवा'. क्रमांक असेल तर तो पुढे घ्या. पीओ (खरेदी ऑर्डर) क्रमांक, बिल क्रमांक, शाळेचा यूडायस क्रमांक, विद्यार्थ्याचा पीआरएन, जो लागू असेल तो. सहा महिन्यांनी शोधायची वेळ आली की शोधपेटीत हाच आकडा टाकला जाणार आहे.

'अतितात्काळ' हा शब्द महिन्यातून दोनदा वापरला तर त्याला वजन राहतं. रोज वापरला तर वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून सरळ घसरतो. त्याऐवजी तारीख आणि वेळ लिहा. 'गुरुवारी दुपारी 3 पर्यंत' याला वेगळा शेरा लागत नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. दिवाळीत आलेला जुना मेल शोधायचा, त्यालाच 'रिप्लाय' करायचं आणि त्यात शिमग्याचं काम लिहायचं. पत्ता टाइप करावा लागत नाही एवढाच त्यात फायदा. जीमेल एकाच विषयाचे मेल एका साखळीत ओवतो, त्यामुळे नवं काम जुन्या साखळीच्या पोटात दडतं आणि समोरच्याला ते नवं आहे हे कळतच नाही. काम नवं असेल तर मेल नवा.

मायना आणि मजकूर

फोनवर आपण 'दादा', 'भाऊ', 'शेठ' म्हणतो, ते ठीक आहे. मेल मात्र पुढे पाठवला जातो, त्याच्या प्रती निघतात, तो फाइलला लागतो. म्हणून अधिकाऱ्याला 'मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,' किंवा 'महोदय', बाईंना 'महोदया' किंवा 'मॅडम', रोजच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला आडनाव आणि 'साहेब' किंवा 'शेठ'. कोण वाचणार हे खरंच माहीत नसेल तेव्हाच 'महोदय/महोदया'. नाव माहीत असताना तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिणं म्हणजे पत्रिकेवर 'श्री./सौ.' छापून पुढे नाव न घालण्यासारखं आहे.

'स.न.वि.वि.' लिहायला हरकत नाही, पण त्यानंतर लगेच काम सांगा. आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवण्याची रीत फार. आधी तब्येतीची चौकशी, मग पावसाचं, मग 'आपणास विदितच आहे की', आणि काय हवंय ते नवव्या ओळीत. समोर बसून बोलताना याला आपुलकी म्हणतात, मेलमध्ये त्यामुळे नववी ओळ वाचलीच जात नाही. पहिल्या दोन ओळींत मागणी, मग कारण, मग तपशील, हा क्रम ठेवा. आपुलकीची ओळ शेवटी घाला, तिथेही ती पोचते.

मजकुराची घडण अशी असावी:

'पाटील साहेब,
तूर डाळ, 50 किलोच्या 200 गोण्या (10 टन), ही ऑर्डर मंगळवारी निघेल. आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात:
1. माल कोणत्या गोदामात उतरवायचा, पूर्ण पत्ता.
2. बिल कोणत्या फर्मच्या नावे, जीएसटी क्रमांकासह.
सोमवारी दुपारी 12 पर्यंत कळवल्यास मंगळवारी सकाळी गाडी भरता येईल. उशीर झाल्यास गाडी गुरुवारी.
सोबत: दरपत्रक (1 पान).'

यातली 'उशीर झाल्यास' ही ओळ फार कामाची आहे. मुदत का आहे आणि चुकली तर काय होणार, हे कळलं की आठवणीचा फोन करावा लागत नाही. प्रश्नांना क्रमांक द्या. क्रमांक नसले की तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर येतं, उरलेल्या दोनांसाठी पुन्हा मेल. दोन वेगळी कामं असतील आणि ती दोन वेगळी माणसं करणार असतील तर मेलही दोन पाठवा.

काही इंग्रजी वाक्यं आपल्या कार्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत आली आहेत. 'डू द नीडफुल' हे त्यातलं सगळ्यांत आळशी. जे 'नीडफुल' आहे ते नेमकं काय, हेच तर मेलमध्ये लिहायचं असतं. 'रिव्हर्ट बॅक'चंही तसंच. आपल्याकडे त्याचा अर्थ 'उत्तर द्या' असा घेतला जातो, पण परदेशातला ग्राहक तो 'पूर्वस्थितीला न्या' असा वाचू शकतो. साधं 'प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे' पुरतं. आणि राज्य शासनाच्या कार्यालयाला लिहीत असाल तर मराठीतच लिहा. 1964 च्या राजभाषा अधिनियमानं मराठी ही राज्याची राजभाषा आहे, तुटक इंग्रजीची तिथे काही गरज नाही.

विनंतीचा सूर जपा, पण भिडेपोटी काम पुसट करू नका. 'पाठवा' हे वरिष्ठांना जरा रोखठोक वाटतं, 'पाठवावे ही विनंती' ठीक, 'सवडीनुसार जमल्यास पाहावे' म्हणजे काम झालंच नाही असं समजा. शेवटी नाव, पद, संस्था, गाव आणि मोबाइल. हे एकदाच 'सेटिंग्ज', 'जनरल', 'सिग्नेचर' इथे भरून ठेवा. चार ओळींपेक्षा जास्त नको, संस्थेचं बोधचिन्ह तर नकोच, ते दर मेलला चित्र म्हणून जोडलं जातं आणि मग खरी फाइल कोणती ते शोधावं लागतं.

मराठी अक्षरांचा घोळ

मराठवाड्यातल्या बऱ्याच कार्यालयांत, छापखान्यांत आणि झेरॉक्स सेंटरांवर अजून जुने फॉन्ट चालतात. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतो, फॉन्ट त्यावर फक्त देवनागरीचं चित्र चढवतो. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की फॉन्ट मागे राहतो आणि समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा दिसतो. असा मेल 'मजकूर वाचता येत नाही' म्हणून हमखास परत येतो.

मेलचा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर तीच अक्षरं दिसतील अशा पद्धतीत, लिहा. संगणकावर विंडोजच्या 'टाइम अँड लँग्वेज' सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा. तिथे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन कळफलक मिळतात, विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबली की भाषा बदलते. ज्यांची बोटं जुन्या टाइपरायटर पद्धतीवर बसली आहेत त्यांनी पत्र जुन्याच फॉन्टमध्ये करावं, पण ते पीडीएफ करून जोडावं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. वर्डची फाइल तशीच पाठवली तर पुन्हा तोच भुगा.

फाइलला नाव देताना मात्र इंग्रजी अक्षरं आणि आकडे बरे. काही जुन्या प्रणाली आणि सरकारी पोर्टल देवनागरी नाव नाकारतात किंवा विद्रूप करतात. नावात आधी तारीख घ्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, 2025-07-14 अशी, मग संस्था, मग कागद. या क्रमानं फाइली आपोआप तारखेवार लागतात. 'स्कॅन 001', 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' ही नावं घरच्या संगणकावरसुद्धा ठेवू नयेत.

जोडण्या

जीमेलमधून एका मेलला 25 एमबीपर्यंत फाइली जोडता येतात. त्याहून मोठं असेल तर ते ड्राइव्हवर जातं आणि लिंक जाते. पण पाठवताना फाइलचं रूपांतर होऊन तिचा आकार सुमारे एक तृतीयांशानं फुगतो, आणि समोरच्याच्या सर्व्हरची मर्यादा आपल्यापेक्षा कमी असू शकते. म्हणून 10 एमबीच्या आत राहणं सुरक्षित.

सातबारा, टीसी, बोनाफाइड यांचे फोनवर काढलेले फोटो तसेच पाठवू नका. एकेक फोटो तीन-चार एमबीचा, कडेला टेबलावरचा चहाचा कप, आणि बारा फोटो बारा जोडण्या. फोनमधल्या ड्राइव्ह ॲपमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह दाबलं की कागद स्कॅन होतो, कडा कापल्या जातात, पुढची पानं त्याच फाइलला जोडता येतात आणि एक पीडीएफ तयार होते. उजेड खिडकीकडून येईल असं बसा, डोक्यावरच्या ट्यूबखाली आपलीच सावली कागदावर पडते.

लिंक पाठवली तर परवानगी तपासा. 'रिस्ट्रिक्टेड' राहिली की रात्री साडेनऊला 'रिक्वेस्ट ॲक्सेस'चा मेल येणार, तोही इनबॉक्समध्येच. आणि 'एनीवन विथ द लिंक' केलं तर ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला कागद उघडतो, हेही लक्षात असू द्या. विद्यार्थ्यांच्या यादीला ते चालत नाही. आधारची प्रत मागितली गेलीच तर पहिले आठ अंक झाकलेलं 'मास्क्ड आधार' चालेल का ते विचारा. पासवर्ड घातलेली फाइल असेल तर पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

फाइल विसरणं हा सर्वांत जुना रोग, आणि मग 'सॉरी, जोडायची राहिली' हे वरातीमागून घोडं. उपाय क्रमात आहे. आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, मग विषय, आणि 'टू'मधला पत्ता सर्वांत शेवटी. पत्ता नसेल तोवर मेल चुकूनही जात नाही. फाइल जोडलेली नसल्याचा इशारा जीमेल कधीकधी देतो, पण मराठी मजकुरात त्यावर विसंबू नका. याशिवाय संगणकावर 'सी ऑल सेटिंग्ज', 'जनरल' इथे 'अनडू सेंड' (पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत) 30 सेकंदांवर ठेवा, आणि पान खाली सरकवून 'सेव्ह चेंजेस' दाबा. हे शेवटचं बटण विसरल्यामुळे 'मी तर केलं होतं' म्हणणारे पुष्कळ आहेत.

एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. 'रिप्लाय' केलं की मूळ मेलची जोडणी सोबत जात नाही, 'फॉरवर्ड' केलं की जाते. उत्तरात नवीन माणसाला सीसीमध्ये घेतलं तर त्याला बोलणं दिसेल, ड्रॉइंग दिसणार नाही. वाळूज किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत जुन्याच ड्रॉइंगवर माल बनायला एवढं निमित्त पुरतं.

कोणाला टू, कोणाला सीसी

'टू'मध्ये ज्यानं काम करायचं तो. 'सीसी'मध्ये ज्याला फक्त कळायला हवं तो. टूमध्ये तीन जण असतील तर प्रत्येकाला वाटतं बाकीचे दोघं करतील, मग काम बेवारस. तिघांना पाठवणं भागच असेल तर मजकुरात नाव घेऊन वाटून द्या: 'कुलकर्णी सर: आकडेवारी. शेख मॅडम: सही.'

सीसीत साहेबांना टाकणं हा पुष्कळदा निरोप नसतो, धाक असतो. पहिल्याच मेलला असं केलं की समोरचाही आपल्या साहेबांना सीसीत आणतो, आणि दोन खालच्या माणसांचं काम चार वरच्यांच्या इनबॉक्समध्ये जाऊन बसतं. आधी एकट्याला लिहा, तीन कामाचे दिवस थांबा, एक फोन करा. तरी हललं नाही तर मग सीसी, तेही शांत भाषेत.

'रिप्लाय ऑल' दाबण्याआधी एवढंच बघा की आपल्या उत्तरानं यादीतल्या इतरांचं काही बदलतं का. बैठकीची वेळ बदलली, तर सर्वांना. 'नोटेड', 'थँक्यू', 'हार्दिक अभिनंदन', हे एकालाच, किंवा कोणालाच नाही.

लातूरच्या शिकवणी वर्गानं 200 पालकांना एकच सूचना पाठवायची तर सगळे पत्ते 'बीसीसी'त आणि 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता. नाहीतर प्रत्येक पालकाच्या हाती बाकी 199 जणांचे पत्ते पडतात. साध्या जीमेल खात्यावरून एका दिवसात 500 च्या पुढे पत्त्यांवर पाठवायला गेलं की पाठवणं काही तास, कधी पूर्ण दिवसभर बंद पडतं. निकालाच्या दिवशी हे फार महाग पडतं, मोठी यादी दोन दिवसांत विभागा. आणि आपण स्वतः कुणाच्या बीसीसीत असाल तर 'रिप्लाय ऑल' अजिबात नको, गुपचूप प्रत मिळाल्याचं जाहीर होतं.

मेल केल्यावर लगेच 'सर मेल केलाय, बघा' असा व्हॉट्सॲप, आणि त्यावर फोन, ही तिहेरी पेरणी बंद करा. लेखी पुरावा, जोडणी किंवा तपशील हवा तिथे मेल. दोन तासांच्या आत उत्तर हवं तिथे फोन. वाद होण्यासारखं असेल तर आधी फोन, आणि ठरलं ते दोन ओळींच्या मेलनं पक्कं करा.

वेळेचंही भान हवं. राज्य शासनाच्या कार्यालयांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, बहुतेक कार्यालयांची वेळ सकाळी 9:45 ते सायंकाळी 6:15. शुक्रवारी सातला पाठवलेला मेल सोमवारी दीडशे मेलच्या तळाशी असतो. 'सेंड'शेजारच्या बाणातून 'शेड्यूल सेंड' निवडून सोमवारी दहाची वेळ लावा, तो वर राहील.

तुंबलेला इनबॉक्स उपसणं

आता आवक. अकरा हजार न वाचलेले मेल असतील तर ते वाचायला बसू नका. कोणी वाचून संपवलेत असं होत नाही. हे काम संगणकावर करा, फोनवर एकगठ्ठा निवड नीट होत नाही, आणि 31 मार्च किंवा निविदेच्या आदल्या दिवशी हात घालू नका. दीड-दोन तास लागतात.

पहिलं काम, 60 दिवसांपूर्वीचं सगळं इनबॉक्सच्या बाहेर. शोधपेटीच्या उजव्या टोकाला रेघांचं चिन्ह आहे, ते दाबलं की चौकट उघडते. खालच्या यादीत 'इनबॉक्स' निवडा. मग 'हॅज द वर्ड्स' या रकान्यात इंग्रजीत ओल्डर, अंडरस्कोअर, दॅन, कोलन आणि 60डी हे सलग, मध्ये जागा न सोडता लिहा. एका फटक्यात सगळे जुने मेल येतात. वरच्या चौकोनात खूण केली की पानावरचे 50 निवडले जातात, आणि वर एक ओळ उमटते, 'सिलेक्ट ऑल कॉन्व्हर्सेशन्स दॅट मॅच धिस सर्च'. ती दाबली तरच हजारो निवडले जातात. मग 'अर्काइव्ह'.

अर्काइव्ह म्हणजे पुसणं नाही. मेल 'ऑल मेल'मध्ये राहतो, शोधला की सापडतो. भीती वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की टेबलावरचा गठ्ठा कपाटात गेला, रद्दीत नाही.

दुसरं, जागा. फुकट खात्याला 15 जीबी मिळतात, त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा वाटा. लग्नाचे व्हिडिओ गूगल फोटोत चढले की कार्यालयाचा मेल बंद पडतो तो यामुळेच. जागा संपली की पाठवणाऱ्याला मेल परत जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पुन्हा तीच चौकट उघडून 'साइझ' 'ग्रेटर दॅन' 10 'एमबी' टाका. मोठ्या जोडण्या वर येतील, हव्या त्या उतरवून घ्या आणि मेल डिलीट करा. 'ट्रॅश'मध्ये 30 दिवस ते राहतात आणि तोवर जागाही अडवतात, तेव्हा 'एम्प्टी ट्रॅश' दाबल्याशिवाय मोजणी उतरत नाही. 'सेंट'मधल्या मेललाही जागा लागते, तिथेही हीच फेरी मारा.

पुसताना व्यापाऱ्यांनी जपून. जीएसटीच्या नियमानं हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावी लागतात. मेलवर आलेली बिलं, ई-वे बिल, डेबिट नोट हे उतरवून आर्थिक वर्षवार फोल्डरमध्ये टाकल्याशिवाय हात लावू नका.

तिसरं, जाहिराती. डाव्या पट्टीत 'मोअर'खाली 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' दिसतं, तिथे कोण किती वेळा पाठवतं ते कळतं आणि तिथूनच 'अनसबस्क्राइब' करता येतं. जिथे आपण स्वतः कधी नाव नोंदवलं होतं त्यांच्याच बाबतीत हे करा. अगदी अनोळखी मेलच्या पोटातली 'अनसबस्क्राइब' लिंक दाबणं म्हणजे पत्ता चालू असल्याची पावती देणं. त्याला 'रिपोर्ट स्पॅम'.

चाळण्या

उपसलेली विहीर पुन्हा गाळानं भरू नये म्हणून फिल्टर. मेलच्या वरचे तीन ठिपके, 'फिल्टर मेसेजेस लाइक दीज', पाठवणाऱ्याचा पत्ता आपोआप येतो, 'क्रिएट फिल्टर', मग 'स्किप द इनबॉक्स' आणि 'अप्लाय द लेबल'. लेबल म्हणजे मेलला लावलेली नावाची चिठ्ठी, तिची नावं मराठीत चालतात.

इनबॉक्स टाळून जायचं ते असं: बँकेच्या व्यवहारसूचना, कुरिअरच्या पावत्या, पोर्टलचे 'यशस्वीरीत्या सादर झाले'. थांबायचं ते असं: शिक्षण विभाग, विद्यापीठ, मोठा ग्राहक, जीएसटीची नोटीस, वकील. त्यांच्यासाठी उलट फिल्टर करा, 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' आणि 'स्टार इट'. नव्या पत्त्यावरून आलेली खरी नोटीस स्पॅममध्ये जाऊन 30 दिवसांनी आपोआप पुसली जाते, म्हणून आठवड्यातून एकदा स्पॅमवर नजर टाकावी. सोमवार बरा.

फिल्टर सात-आठपेक्षा जास्त करू नयेत असं आमचं मत. पस्तीस लेबलं करणारा माणूस पुढे मेल कुठे गेला ते शोधत बसतो. विषयवार लेबलांची गरज शोधपेटीनं संपवली आहे.

रोजचा क्रम

फोनवरची घंटी आधी बंद करा. जीमेल ॲप, 'सेटिंग्ज', खातं, 'नोटिफिकेशन्स', तिथे 'नन' किंवा अँड्रॉइडवर 'हाय प्रायॉरिटी ओन्ली'. मग दिवसातून तीन वेळा मेल उघडा: दहाच्या सुमाराला, जेवणानंतर, आणि निघण्याआधी अर्धा तास. मागणी-पुरवठ्याच्या टेबलावर बसणाऱ्याला तासातासाला बघावं लागेल, ते त्यानं ठरवावं.

प्रत्येक मेल उघडल्यावर एकच प्रश्न, यात मला काही करायचं आहे का? नसेल तर लगेच अर्काइव्ह. दोन मिनिटांत होणारं असेल तर आत्ताच. जास्त वेळ लागणार असेल तर 'करायचं' हे लेबल, आणि 'मिळाला, गुरुवारपर्यंत कळवतो' अशी एक ओळ. या एका ओळीनं मागून येणारे दोन आठवणीचे मेल टळतात. काम दुसऱ्याकडे अडकलं असेल तर 'वाट पाहतोय' हे लेबल. ज्याची तारीख ठरलेली आहे त्याला 'स्नूझ', त्या दिवशी सकाळी तो वर येतो. अमावास्येच्या सुट्टीत गेलेल्या गड्याची वाट बघावी तसं रोज उघडून बघायची गरज नाही.

'वाट पाहतोय' दर शुक्रवारी उघडा. तीन कामाचे दिवस उलटले असतील तर त्याच साखळीत आठवण द्या, जुना मजकूर खाली राहू देऊन. 'जेंटल रिमाइंडर' एवढाच विषय नको: 'बिल क्र. 118ची दुरुस्त प्रत अजून आलेली नाही. सोमवारी आली नाही तर पेमेंट पुढच्या फेरीत जाईल.'

एकच उत्तर दहादा लिहावं लागतं का? 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये 'टेम्प्लेट्स' चालू करा. प्रवेशाची कागदपत्रं, हॉल तिकीट, बियाण्याचे दर, यांची उत्तरं साठवून ठेवा. तोच प्रश्न तरी येत राहिला तर मूळ सूचना सुधारायला हवी, टेम्प्लेट नव्हे: त्या सूचनेतच काहीतरी सुटलेलं असतं.

खातं बदलल्याचा मेल

'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट खालील खात्यात करावे.' हा मेल ओळखीच्या पुरवठादाराकडून, त्याच साखळीत, त्याच भाषेत येऊ शकतो. पत्त्याचं प्रत्येक अक्षर वाचा. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवले की घाईत फरक दिसत नाही. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नका, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर करा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

एक खातं, चार माणसं

शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था, छोटी फर्म, इथे एकच जीमेल आणि एकच पासवर्ड, तो मॉनिटरला चिकटवलेला. कोणीतरी मेल उघडतं, तो वाचलेला होतो, दुसऱ्याला वाटतं झालं असेल. पासवर्ड वाटण्याऐवजी 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट'मध्ये 'ग्रँट ॲक्सेस टू युवर अकाउंट' वापरा. साध्या खात्याला दहा जणांपर्यंत प्रवेश देता येतो, प्रत्येकजण आपल्या पासवर्डनं येतो. प्रत्येकाच्या नावाचं एक लेबल करा आणि सकाळी एकानंच, बारनिशीच्या कारकुनासारखं, मेल वाटून द्यावेत. लेबल लागलेला मेल दुसऱ्यानं उघडायचा नाही.

खरी अडचण बदलीच्या वेळी येते. खात्याचा रिकव्हरी मोबाइल बदलून गेलेल्या सरांचा असतो, ओटीपी त्यांच्याकडे जातो, आणि ते आता देगलूरला. म्हणून चार्ज देण्याच्या यादीत डेडस्टॉक आणि किल्ल्यांच्या खाली तीन ओळी वाढवा: नवा पासवर्ड, बदललेला रिकव्हरी मोबाइल व मेल, आणि 'करायचं' व 'वाट पाहतोय' या दोन लेबलांमधल्या मेलची विषय आणि तारखेसह छापील यादी. त्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही.